नजर रस्त्यावर

लुमिर सेडलाचेकने तेहेतीस वर्षं विल्बरमधल्या पोरांना गाडी चालवायला शिकवली. शाळेत त्याचा विषय खरा इतिहास, पण तो कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या पांढऱ्या गाडीत विद्यार्थ्याच्या शेजारी बसून तो जे सांगायचा, ते मात्र निम्म्या गावाच्या हातांत मुरलं होतं. स्टिअरिंगचं चाक म्हणजे घड्याळ: डावा हात नऊवर, उजवा तीनवर. कोपर खिडकीबाहेर नाही. गाणी नाहीत. कुणी एका हाताने वळण घेतलं, की लुमिर शांतपणे विचारायचा, "दुसरा हात काय घरी विसरलास?" लग्न होऊन पोरंबाळं झालेली माणसंसुद्धा लुमिर समोरून येताना दिसला, की नकळत चाकावर दुसरा हात ठेवायची.

अशा माणसाच्या दारात, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, हात न लावता चालणारी गाडी येऊन उभी राहिली.

ती घ्यायला लावली रेनेने, त्याच्या एकुलत्या एका मुलीने. ती राहायची पश्चिमेला, कोलोराडोत, फोर्ट कॉलिन्सला. विल्बरहून साडेसात तासांचा रस्ता. लुमिरची बायको लव्हॉन जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नाताळानंतर रेनेकडून परतताना लुमिरला डुलकी लागून त्याची जुनी गाडी दोनदा रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून खडखडत गेली होती, आणि ही गोष्ट त्याने मुलीला फोनवर गंमत म्हणून सांगितली. रेने हसली नाही. वसंत ऋतू लागल्यावर तिने तीन दिवसांची रजा काढली, विल्बरला आली आणि बापाला धरून लिंकन शहरातल्या गाड्यांच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानातल्या मुलीने दोघांना गाडीत बसवून सगळं समजावलं. हमरस्त्याला लागलं की चाकावर हिरवी पट्टी उजळेल. हिरवी दिसली की हात सोडायचे. लेन, वेग, पुढच्या गाडीपासूनचं अंतर, सगळं गाडी बघेल. फक्त डोळे समोर हवेत. चाकाच्या मागे बोटाच्या पेराएवढा एक कॅमेरा होता. तो चालवणाऱ्याचे डोळे बघत राहणार. नजर हलली की पट्टी लुकलुकणार, मग सीट थरथरणार, मग गाडी बोलणार.

"आणि तरीही कुणी बघितलंच नाही तर?" लुमिरने विचारलं. मास्तरांची सवय.

"तर गाडी हळूहळू थांबते आणि आमच्या मदत केंद्राला फोन लागतो. तुम्ही बरे आहात ना, ते विचारतात." मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "अडीअडचणीला कुणाला कळवायचं? कुणाचा नंबर घालू?"

 इतकी वर्षं लुमिरच्या या रकान्यात एकच नाव असायचं, लव्हॉनचं.

"माझा घाला," रेने म्हणाली.

पहिले काही आठवडे त्याला ते जमलंच नाही. पट्टी हिरवी व्हायची, तो हात उचलायचा, आणि ते चाकापासून इंचभर वर तसेच तरंगत राहायचे, तापल्या तव्यावर धरल्यासारखे. यॉर्क गाव येईपर्यंत खांदे भरून यायचे. समोरचं चाक आपलं आपण एवढंसं डावीकडे, एवढंसं उजवीकडे फिरायचं, जणू अदृश्य कुणीतरी मांडीवर येऊन बसलंय. त्याला ते बघवायचं नाही आणि नजरही काढता यायची नाही. गावातल्या बेकरीत, कोलाचे नावाचे गोड पाव खाताना, लॅडी बेनेशला तर हा विषय आयताच मिळाला. लॅडी त्याचा शाळेपासूनचा मित्र, तोंडाचा फाटका.

"काय रे लुमिर, ड्रायव्हरला बाहेरच बसवून आलास? त्याला पण एक कोलाचे घेऊन जा की."

"त्याला खसखशीचं चालत नाही."

"आणि तुझे ते नऊ आणि तीन? माझी पोरगी रडत घरी यायची रे त्या नऊ-तीनपायी."

"तुझी पोरगी मक्याच्या शेतात गाडी घालायची, लॅडी."

सगळे हसले. लुमिरही हसला. पण घरी जाताना दोन मैलांच्या रस्त्यावर त्याने चाक इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली.

सवय झाली ती जून महिन्यात, तीही त्याच्या नकळत. रेनेकडे जाताना ग्रँड आयलंडच्या पुढे कधीतरी त्याने खाली पाहिलं, तर दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. किती वेळ पडले होते कोण जाणे. चार्ल्स्टन की चॅपमन, कुठल्याशा गावची धान्याची उंच कोठारं मागे गेली ती त्याला आठवेनात. हात मात्र मांडीवर कसे निवांत, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.

याच रस्त्याने लव्हॉनबरोबर तो चाळीसेक वेळा तरी गेला असेल. ती शेजारी बसून संत्रं सोलायची आणि फोडी एकेक करून त्याच्या तोंडात घालायची, कारण त्याचे हात मोकळे नसायचे. एकदा, रेनेला पहिलं मूल झालं तेव्हा, रात्रभर जागलेली लव्हॉन खिडकीबाहेर बघता बघता रडायला लागली आणि तिने त्याचा उजवा हात धरायला आपला हात पुढे केला. "लव्हॉन, थांब जरा, ट्रक आहे," तो म्हणाला होता. ट्रक होताही. पण ट्रक गेल्यावरही त्याने हात दिला नव्हता. ती गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती की नाही, हे त्याने कधी विचारलं नाही.

त्या जूनमध्ये तो रेनेकडे पोचला तेव्हा घरी कुणी नव्हतं. दारावर चिठ्ठी होती: मुलीची व्हॉलीबॉलची मॅच आहे, फ्रिजमध्ये लझान्या आहे. ती आली आठ वाजता, बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "सॉरी डॅड, आज फार धावपळ झाली." दुसऱ्या दिवशीही धावपळ होती. मुलं गोड होती, पण पंधरा आणि सतरा वर्षांची. आजोबांशी बोलून झालं की त्यांचा हात आपोआप फोनकडे जायचा. रेने इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवून आलेली बाई संध्याकाळी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपायची. लुमिर तिच्या अंगावर पांघरूण टाकायचा आणि टीव्हीचा आवाज कमी करायचा. तिचं चुकत होतं असं त्याला एकदाही वाटलं नाही. निघताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी आधी फोन कर ना, म्हणजे मला नीट वेळ काढता येईल." त्यानंतर त्याने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्या शनिवार-रविवारी काही ना काही होतं. मग त्याने विचारणं सोडून दिलं.

गाडी मात्र दारात होती. आणि रविवार दर आठवड्याला यायचा.

ऑगस्टमध्ये एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, त्याने उगाचच गाडी बाहेर काढली आणि मिलफर्डजवळ ऐंशी नंबरच्या हमरस्त्याला लागला. ग्रँड आयलंडपर्यंत गेला, विश्रांतीच्या जागी बाकावर बसून डबल रोटीत हॅम घालून आणलेलं खाल्लं आणि परत आला. पुढच्या रविवारी कर्नीपर्यंत. लॅडीने विचारलं तर सांगायचा, "रेनेकडे." रेनेने फोनवर विचारलं तर सांगायचा, "काही नाही गं, घरीच." दोन्ही बाजूंना दोन थापा, आणि मध्ये दोनशे मैल सरळ रस्ता.

का जात होता, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. घरात शांतता असायची, ती गाडीतही असायची. पण गाडीत एक गोष्ट वेगळी होती, आणि ती त्याच्या लक्षात आली सप्टेंबरात. लेक्सिंग्टनच्या अलीकडे कुणाचं तरी नवं धान्याचं कोठार चढत होतं, ते बघायला त्याने मान वळवली. चाकावरची पट्टी लुकलुकली. त्याने समोर पाहिलं, पट्टी स्थिर झाली. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा मान वळवली. या वेळी बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं सोयाबीन. पट्टी लुकलुकली. त्याने समोर पाहिलं.

लव्हॉन जेवणाच्या टेबलावर म्हणायची, "कुठे हरवलास?" चमचा हातात धरून तो खिडकीबाहेर बघत असायचा, आणि तिला ते दर वेळी कळायचं. तिच्यानंतर आपण कुठे बघतोय, याची चौकशी जगात कुणी केली नव्हती. आता ही गाडी करत होती. यंत्र आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो काही खुळा झाला नव्हता. तरी हिवाळाभर, रस्ते मोकळे असतील तेव्हा, तो हे करत राहिला. दोन सेकंद नजर काढायची. तीन सेकंद. सीट थरथरली की परत यायचं. "नजर रस्त्यावर ठेवा," बाईचा आवाज म्हणायचा, ना रागाने ना लोभाने. "बरं बरं," लुमिर म्हणायचा.

मार्चमधल्या तिसऱ्या रविवारी क्रौंच आले होते. दरवर्षीच येतात, लाखांनी, प्लॅट नदीच्या काठी, कापलेल्या मक्याच्या शेतांत राखाडी चादर पसरल्यासारखे. सकाळी रेनेचा फोन आला होता. "आज काय बेत, डॅड?" "बास्केटबॉल बघणार," तो म्हणाला, आणि तेव्हा तो गॅरेजमध्ये किल्ली हातात घेऊन उभा होता. "छान. पाय वर घेऊन बस. तुला आराम हवा," ती म्हणाली. मग मागून कुणीतरी तिला हाक मारली.

कर्नी मागे पडलं. उजव्या बाजूला क्रौंचांचा एक मोठा थवा उठला आणि रस्ता ओलांडून नदीकडे निघाला. त्याने मान वर केली. पट्टी लुकलुकली. त्याने समोर पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. सीट थरथरली. लेक्सिंग्टन गेलं, कोझॅड गेलं. रस्त्यावर गर्दी नव्हती. मागे बराच लांब एक ट्रक. तेव्हा त्याला काय झालं ते त्यालाच माहीत. त्याने डोळे मिटले.

लहान मूल लपून बसतं आणि आपल्याला कुणी शोधतंय का, याचा कानोसा घेत राहतं, तसं झालं ते. पट्टी त्याला दिसत नव्हती. सीट थरथरली. "नजर रस्त्यावर ठेवा." तो हलला नाही. सीट पुन्हा, जोरात. आवाज पुन्हा, आता कर्कश घंटेसकट. "चाक हातात घ्या. चाक हातात घ्या." अजून बोलव, त्याच्या मनात आलं. अजून एकदा. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याला गालावर लागल्यावर कळलं.

मग घंटा थांबली आणि अंग पुढे कललं. गाडी वेग सोडत होती.

त्याने डोळे उघडले तेव्हा गाडी उजव्या लेनमध्ये, भर हमरस्त्यावर, चारी दिवे उघडझाप करत जवळजवळ थांबली होती. आरशात ट्रक होता. आरसाभर ट्रक होता. त्याचा भोंगा आधी आला आणि मग तो, शेजारच्या लेनमधून, इतक्या जवळून की गाडी पाळण्यासारखी हलली. लुमिरचे हात वर होते. चाकावर नव्हते, हवेत होते.

"मिस्टर सेडलाचेक?" छतातून एक बाई बोलली. ही वेगळी होती. हिला श्वास होता. "मी मदत केंद्रातून बोलतेय. माझं नाव योलांडा. तुम्हाला ऐकू येतंय का?"

त्याने छताकडे पाहिलं.

"सर, तुम्ही बरे आहात का? छातीत दुखतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "मी आहे. मी बरा आहे."

"गाडी कडेला घेता येईल तुम्हाला? सावकाश. मी थांबते."

त्याने गाडी कडेला घेतली. दिवा लावायला गेला, तर वायपर सुरू झाले.

"घेतली," तो म्हणाला.

"शाब्बास. शेरीफच्या ऑफिसातून माणूस निघालाय. तो येईपर्यंत मी फोनवरच आहे. आणि तुमच्या मुलीला आम्ही कळवलंय."

"तिला कशाला?" लुमिर एकदम म्हणाला. "तिला नका कळवू."

"कळवलंय, सर. नंबर तिचाच आहे ना." मग बाई थोडी थांबली. "काही हरकत नाही. अशा वेळी आपल्या माणसाला कळलेलं बरं असतं."

दहा-बारा मिनिटं गेली असतील. मधे मधे ती विचारायची, "आहात ना?" आणि तो म्हणायचा, "आहे." एकदा त्याने विचारलं, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" ती म्हणाली, "पाऊस पडतोय, सकाळपासून." त्याला आणखी विचारावंसं वाटत होतं, पण मागे निळे-लाल दिवे आले आणि तिने त्याचा निरोप घेतला.

गाडीतून उतरून आली ती तिशी उलटलेली, उंच, केस घट्ट बांधलेली बाई. खिडकीशी वाकली आणि तिथेच थबकली.

"मिस्टर सेड?"

लुमिरने पाहिलं. चेहरा ओळखीचा होता, पण कितीतरी लहान वयातला.

"डार्सी वावरा," ती म्हणाली. "विल्बर. तुम्ही मला दोनदा नापास केलं होतंत."

"वळताना आरसा बघत नव्हतीस."

"अजून नाही बघत. नवरा सांगतो." ती हसली, मग तिने नीट त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "काय झालं? डोळा लागला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. बाहत्तर वर्षांचा म्हातारा, रविवारची दुपार, सरळ रस्ता. कुणीही मान डोलावली असती.

"हो," तो म्हणाला. "लागला असेल."

"बरं. पुढच्या फाट्यावर गॉथनबर्गला कॉफी मिळते. तुम्ही पुढे चला, मी मागे आहे. हात चाकावर ठेवा म्हणजे झालं." आपण कुणाला काय सांगतोय हे लक्षात येऊन ती कानापर्यंत लाल झाली. लुमिर हसला नाही.

पेट्रोलपंपाच्या छोट्या हॉटेलात ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. डार्सीने त्याच्यासाठी कॉफीबरोबर ॲपल-पायचा तुकडा मागवला. कॉफी येते न येते तोच त्याचा फोन वाजला. त्याने तो उलटा ठेवला. पुन्हा वाजला.

"घ्या," डार्सी म्हणाली. "मी बाहेर जाते."

"डॅड!" रेनेचा आवाज इतका मोठा होता की त्याने फोन कानापासून लांब धरला. "तू कुठे आहेस? मला कुणीतरी सांगितलं तू उत्तर देत नाहीयेस, गाडी हमरस्त्यावर, गॉथनबर्गजवळ... गॉथनबर्ग? सकाळी तर तू घरी होतास."

"निघालो नंतर."

"कुठे? माझ्याकडे येत होतास?"

"नाही."

"मग कुठे?"

लुमिर खिडकीतून बघत होता. बाहेर डार्सी आपल्या गाडीला टेकून उभी होती, पाठ त्याच्याकडे.

"कुठे नाही. मी येतो असाच. रविवारी. इथवर येतो आणि परत जातो."

"असाच म्हणजे? कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

 पलीकडे एक दार बंद झाल्याचा आवाज आला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"डुलकी लागली का तुला? खरं सांग. गेल्या वेळेसारखं?"

त्याने काट्याने ॲपल-पायचा कोपरा मोडला आणि तसाच ठेवला. लव्हॉन असती तर त्याने तिलाही सांगितलं नसतं, हे त्याला कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी जागा होतो. मी डोळे मिटले, रेने. मुद्दाम. ती बाई बोलावते ना. बघितलं नाही तर बोलावते. मला वाटलं, किती वेळ बोलावते ते बघावं."

त्याला वाटलं ती ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. मागच्या ट्रकमध्ये माणूस होता, त्याचंही घर असेल.  पण नुसतं तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"मला फोन करायचास ना," ती म्हणाली.

"तू कामात असतेस."

"हो. असते." ती नाही म्हणाली नाही, हे त्याला बरं वाटलं. "तरी करायचास."

"तू पण करायचास," तो म्हणाला, आणि असं काही आपण मुलीला आयुष्यात कधी म्हणालो नव्हतो, हे तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

डार्सी आत आली तेव्हा तो फोन ठेवून बसला होता. कॉफी निवली होती.

"डार्सी, तू आता काय लिहिणार?"

"काही नाही. वृद्ध गृहस्थ, दमले होते, विश्रांती घेतली, पुढे गेले."

"तसं नव्हतं ते." आणि त्याने तिलाही सांगितलं, थोडक्यात, टेबलावरच्या साखरेच्या पुड्यांकडे बघत. "दुसरा कुणी असता, तर फेरपरीक्षेचा अर्ज भरला असतास ना?"

ती साखरेच्या पुड्या सरळ करायला लागली.

"मग भर."

"मिस्टर सेड, परवाना गेला तर तुम्ही कसे..."

"भर गं," तो म्हणाला. "मी तुला दोनदा नापास केलं ते काय हौस होती म्हणून?"

तिने अर्ज भरला. तो विल्बरला परतला तो संपूर्ण रस्ता स्वतः चालवत, पासष्टच्या वेगाने, आणि सूर्य मावळायच्या आत गाडी गॅरेजमध्ये लावली.

परीक्षा एप्रिलच्या शेवटी झाली. तोवर तो गाडीला शिवला नाही. लॅडी त्याला चर्चला न्यायचा आणि वाटेत वाट्टेल तसं चालवायचा, बहुधा मुद्दाम. परीक्षा घेणारा तरुण बाहेरगावचा होता, त्याला लुमिर सेडलाचेक कोण ते ठाऊक नव्हतं. पाऊण तास झाल्यावर तो म्हणाला, "उत्तम चालवता. चाक जरा सैल धरा, एवढंच." आणि कागदावर सही केली.

मधल्या काळात रेने एकदा येऊन गेली, दोन दिवसांसाठी. त्यांनी लव्हॉनची कपाटं उघडली, जी आधीच उघडायला हवी होती. कोट चर्चला द्यायला बांधले, पत्रांना हात लावला नाही. फार बोलणं झालं नाही. एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "तू रागावलायस का माझ्यावर?" तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "थोडा राग आला तर चालेल मला." तो म्हणाला, "बघतो." ती हसली आणि भांडी विसळायला लागली. निघण्यापूर्वी तिने सांगितलं, रविवारी सकाळी तिच्या नऊ वाजता, म्हणजे त्याच्या दहाला, ती फोन करणार. गाडीत असला तर गाडीत. पण कुठे चाललाय ते खरं सांगायचं.

मेमधल्या पहिल्या रविवारी त्याने पुन्हा गाडी बाहेर काढली. मिलफर्डजवळ हमरस्त्याला लागला, पट्टी हिरवी झाली, त्याने हात खाली घेतले आणि नजर समोर ठेवली. शेतांत नांगरट झाली होती, मका अजून वर आला नव्हता. यॉर्कच्या थोडं अलीकडे फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"यॉर्क येतंय."

"कुठवर जाणार?"

"ग्रँड आयलंड. मग परत."

"बरं."

तिने मुलांचं सांगितलं. धाकटीचा घोटा मुरगळला होता. त्याने लॅडीच्या ट्रॅक्टरचं सांगितलं. मग दोघांचंही बोलणं संपलं. तीन-चार मिनिटंच झाली होती. पलीकडे कपडे वाळवायचं यंत्र फिरत होतं, आत एखादं बटण की नाणं ठण ठण वाजत होतं, आणि ती कपड्यांच्या घड्या घालत असावी, कारण मधे मधे कापड झटकल्याचा आवाज यायचा. तिने फोन ठेवला नाही. त्यानेही नाही.

"डॅड?"

"आहे."

"काही नाही. बघत होते."

ऑरोराचा फाटा मागे गेला. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, ती म्हणाली, "आलेच," पण आणखी थोडा वेळ थांबली. मग पुन्हा हाक आली.

"जाते मी. पुढच्या रविवारी?"

"हो," लुमिर म्हणाला. "सावकाश कर, घाई नाही."

पडद्यावर आकडे होते: एकोणीस मिनिटं, चाळीस सेकंद. ते विझले. ग्रँड आयलंड अजून वीस मैल होतं, आणि पुढे रस्त्यावर एकही गाडी नव्हती.